नाकतोड्याची डावी पापणी

विमान येतंय हे तिला ऐकूच आलं नाही. वारा उलटा होता, आणि तिचं सगळं लक्ष हातातल्या फितीवर होतं.

कारखान्यामागच्या जुन्या धावपट्टीवर गवत माजलं होतं. मधला एक पट्टा काय तो कापलेला. अजून किती साफ करून घ्यायची हे मोजायला ती भुरभुरत्या पावसात एकटीच आली होती. फितीचं एक टोक दगडाखाली, दुसरं हातात, पेन्सिल दातांत. पन्नास मीटर... शंभर... आणि एकदम डोक्यावर सावली आली, गवत आडवं झालं, आणि एक जुनं पिवळं विमान पट्ट्याच्या टोकाला टेकून, दोन उड्या मारून, तिच्या पुढ्यात येऊन थांबलं.

ती चिखलात बसली होती. म्हणजे पडली होती, पण पडल्यावर तिनं बसल्यासारखा चेहरा केला.

दार उघडून एक उंच माणूस खाली उतरला. पाऊस लागू नये म्हणून त्यानं डोळे बारीक केले होते, त्यामुळे तो हसतोय की काय असं वाटत होतं. बहुतेक हसतच होता.

"लागलं का कुठं?"

"तुम्हाला मी दिसले नाही?"

"दिसलात ना. म्हणून तर अलीकडे थांबलो."

तिनं काहीतरी झणझणीत बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिची नजर चिखलात उमटलेल्या चाकांच्या खुणांवर गेली. त्या जिथं सुरू होत होत्या तिथून विमान उभं होतं तिथपर्यंत. तिनं पुन्हा एकदा पाहिलं.

"हलवू नका ते!" ती उठली आणि फीत घेऊन खुणांच्या मागं पळाली. परत आली तेव्हा तिचा राग कुठल्या कुठं गेला होता. "बासष्ट मीटर! अख्खं विमान बासष्ट मीटरमध्ये थांबवलंत तुम्ही!"

"वारा समोरून होता." तो तिच्याकडे बघत राहिला. "माणूस पडलं की आधी कपडे झटकतं, असं ऐकून होतो."

तिनं कपड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती विमानाच्या पंखाखाली जाऊन उभी राहिली होती, आणि एखाद्या आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा तिनं त्या ओल्या पत्र्याला हात लावला होता. सहा महिने ती या विमानाचे कागद उलगडत होती. त्यातलं खरंखुरं, उडणारं विमान ती आज पहिल्यांदा बघत होती.

त्या विमानाला सगळे नाकतोडा म्हणत. चाळीस वर्षांपूर्वी याच कारखान्यात ते बनायचं. दिसायला ओबडधोबड, पण दोन शेतांएवढी जागा मिळाली की उडायचं आणि तेवढ्याच जागेत उतरायचं. जिथं रस्ता नाही, धावपट्टी नाही, तिथं नाकतोडा. मग कधीतरी कारखान्याला कुलूप लागलं. आता नव्या साहेबांनी तो उघडला होता, आणि नाकतोडा पुन्हा बनवायचा म्हणून हिला आणलं होतं. जुनी रेखाटनं कॉम्प्युटरवर चढवायची, त्यावरून पहिलं नवं विमान उभं करायचं. ती प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा मोजायची, म्हणून कारखान्यातले लोक तिला मोजपट्टी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई.

"मागच्या चाकाला धरून ठेवणारा कंस तडकलाय," तो माणूस म्हणाला. "कुठं मिळत नाही. ऐकलं की कारखाना सुरू झालाय, म्हणून आलो."

"कंस देऊ," ती म्हणाली. "पण मला तुमचा पंख हवाय."

"अहो, ओळख तरी होऊ द्या!"

ती लाजली. मग लाजल्याचा राग येऊन म्हणाली, "उघडून बघायला. आतून."

* * *

गोष्ट अशी होती की नवा पंख चालत नव्हता.

नाकतोड्याची सगळी जादू पंखाच्या पुढच्या काठावर होती. तिथं एक लांब पट्टी असते. विमान वेगात असलं की ती वाऱ्यानं आत दाबली जाते. विमान हळू झालं की आपोआप पुढं सरकते, आणि पंखाला जास्त हवा पकडता येते. म्हणून तर ते इतक्या थोड्या जागेत उतरू शकतं. जुने कामगार त्या पट्ट्यांना पापण्या म्हणत. एक डाव्या पंखाला, एक उजव्या. दोन्ही एकदम उघडायला हव्यात. एकच उघडली तर विमान एका अंगावर कलंडतं, आणि ते नेमकं जमिनीजवळ.

तिनं रेखाटनाबरहुकूम पंख बनवले होते. टेबलावर दोन्ही पापण्या लोण्यासारख्या सरकत. पण पंख ट्रकवर बसवून वाऱ्यात पळवले की उजवी उघडायची, आणि डावी अर्ध्यात अडून बसायची. दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा तेच.

साहेबांनी वैमानिकाशी बोलणं केलं. त्याचं विमान कारखाना फुकट दुरुस्त करून देईल, बदल्यात पंख उघडून मोजू द्यायचे. तो डोंगरापलीकडच्या सहा वस्त्यांना टपाल, औषधं, नर्सबाई, कधी कोंबड्यांच्या पाट्यासुद्धा पोचवायचा. हिवाळ्यात घाट बंद झाला की त्या लोकांना दुसरं कुणी नव्हतं.

"चौदा दिवस," तो म्हणाला. "पंधराव्या दिवशी मला औषधं न्यायची आहेत. आणि खरं सांगू? चौदा दिवस जमिनीवर मी कधी राहिलोच नाही."

ते खरं होतं हे सगळ्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. माणूस बसायचाच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या. नळ ठीक कर, पंख्याला तेल घाल, चहा करून आण. तिनं क्रमांकानं लावलेले बोल्ट त्यानं तिला मदत म्हणून लहान-मोठे असे लावून ठेवले, आणि ती दोन तास त्याच्याशी बोलली नाही. कामगारांनी त्याचं नाव भिंगरी ठेवलं. पायाला भिंगरी लागलेला म्हणून.

"भिंगरी," ती टेबलावरून मान वर न करता म्हणायची, "जरा थांबाल का? तुमच्या बुटांचा आवाज मोजून मोजून माझं माप चुकतंय."

"किती झाली पावलं?"

"चारशे बारा."

"चारशे चौदा. तुम्ही दोनदा माझ्याकडे बघितलंत, तेवढी सुटली."

ती मान आणखी खाली घालायची. पण मग तो बाहेर जायचा, बुटांचा आवाज थांबायचा... आणि तिला काम सुचेनासं व्हायचं.

स्वस्थता तिलाही कधी ठाऊक नव्हती. सात वर्षांत तिनं चार शहरं बदलली होती. प्रत्येक ठिकाणी एखादं विमान सुरू व्हायचं, ती त्यात जीव ओतायची, आणि मग कुणीतरी ते बंद करायचं. तिनं रेखाटलेलं एकही विमान आजवर जमिनीवरून उठलं नव्हतं. हे तिनं एका दुपारी, हातातला चहा गार होत असताना, त्याला सांगून टाकलं. का सांगितलं ते तिलाच कळलं नाही.

तो पहिल्यांदाच एका जागी उभा राहिला.

"आणि मला उतरलेलं सहन होत नाही," तो म्हणाला. "छान जोडी आहे आपली... म्हणजे, कामाच्या दृष्टीनं."

"कामाच्याच दृष्टीनं," ती म्हणाली, आणि गार चहा एका दमात प्यायली.

* * *

नवव्या दिवशी जुन्या पंखाचा पत्रा उघडला. पापणी ज्या रुळांवर सरकते त्या रुळांची भोकं तिनं तपासली, आणि ती कपाळाला हात लावून बसली. रेखाटनात ती भोकं एका सरळ रेषेत होती. इथं मात्र प्रत्येक भोक थोडं थोडं सरकलेलं. शेवटचं तर दोन मिलिमीटरनं.

"चुकलेत," ती म्हणाली. "सगळीच्या सगळी चुकली आहेत. मी नव्यानं नीट पाडून देते."

"नको."

"अहो, दोन मिलिमीटरचा फरक आहे!"

"चौदा वर्षं मी त्या दोन मिलिमीटरवर उडतोय."

"ते तुमचं नशीब!"

"आणि तुमचा पंख ट्रकवर अडून बसतो," तो म्हणाला, "ते कुणाचं नशीब?"

बोलून गेल्यावर त्यालाही वाटलं की नको होतं बोलायला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं हातातलं यंत्र खाली ठेवलं, हात पुसले, पुन्हा पुसले. तो दार ढकलून बाहेर पडला आणि सरळ आत्याच्या घरी गेला.

आत्या म्हणजे हिची सख्खी आत्या. कारखान्याच्या भिंतीला लागून तिचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि भाची सहा महिने तिच्याकडेच राहत होती. आत्या तरुणपणी याच कारखान्यात होती, पंखांच्या विभागात, एकोणीस वर्षं. आल्या आल्या भाचीनं तिला विचारलं होतं. आत्या म्हणाली होती, "मी आपली रिव्हेट मारायचे. मला काय कळतंय त्यातलं?" आणि भाचीनं ते खरं मानलं होतं.

भिंगरीनं मात्र आठ दिवसांत आत्याच्या खिडकीची कडी बसवली होती, स्टुलाचा डुगडुगणारा पाय नीट केला होता, आणि प्रत्येक वेळी उभ्या उभ्या चहा पिऊन गप्पा मारल्या होत्या. "हा माणूस बसत का नाही गं?" एवढीच आत्याची तक्रार होती.

आज तो आला तो बसला. आत्याला तिथंच शंका आली.

"आत्या," तो म्हणाला, "तुमच्या वेळच्या लोकांना सरळ रेषेत भोकं पाडता यायची नाहीत म्हणे."

आत्याच्या हातातली कपबशी वाजली. "कोण म्हणतं?"

"तुमची भाची."

आत्यानं चपला घातल्या. तीस वर्षांत तिनं कारखान्याच्या फाटकातून पाऊल आत टाकलं नव्हतं. ती तशीच तरातरा निघाली, पदर खोचून, आणि भिंगरी तिच्यामागून जवळजवळ पळत आला.

कारखान्यात हिचा नवा पंख लांबलचक टेबलावर सपाट पसरलेला होता. आत्यानं त्याच्याभोवती एक फेरी मारली. बोटानं रूळ चाचपला. कामगार हातातलं काम टाकून उभे राहिले.

"पंख काय टेबलावर उडतो का गं?" आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! हवेत गेला की त्याचं टोक वर जातं. वाकतो तो. सपाट ठेवून सरळ भोकं पाडलीस की इथं सरळ दिसतात, आणि हवेत वाकडी होतात. मग पापणी अडणार नाही तर काय होणार? उजवीचं नशीब बरं, म्हणून ती सुटतेय. तीही अडेल एक दिवस." तिनं पंखाच्या टोकाखाली आडवी चार बोटं धरली. "एवढी लाकडी पाचर मारायची इथं. टोक उचलायचं, आणि मग भोकं पाडायची. मग ती टेबलावर वाकडी दिसतात. दिसू देत."

भाचीनं एकदा जुन्या पंखाकडे पाहिलं, एकदा नव्या. डोक्यात आकडे भराभर जुळत गेले. दोन मिलिमीटर. बरोबर दोनच.

"रेखाटनात हे कुठंच नाही, आत्या."

"कसं असेल? त्या वेळचे इंजिनीअरसाहेब पाचर बघून भडकले. म्हणाले, हा कारखाना आहे, स्वयंपाकघर नव्हे. फेकून दिली त्यांनी. मग आम्ही बायका ते जेवायला गेले की पाचर मारायचो, आणि परत यायच्या आत काढून ठेवायचो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू एकदा विचारलंस. मी एकदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही." आत्यानं भिंगरीकडे अंगठा दाखवला. "यानंही विचारलं नाही. यानं डिवचलं. ते बरं असतं कधीकधी."

भाचीनं आत्याला मिठी मारली. मिठीतून तिनं भिंगरीकडे पाहिलं, आणि ओठांनी फक्त म्हटलं – चुकलं माझं. तोही तसाच बिनआवाजी म्हणाला – माझंही.

* * *

पुढचे चार दिवस नव्या पंखात नवे रूळ बसवण्यात गेले. टोकाखाली पाचर मारून ती पंखाखाली उताणी झोपायची आणि भोकं पाडायची. दिवा धरायला भिंगरी शेजारी. जागा एवढीशी की दोघांच्या खांद्यांत वीतभरही अंतर उरायचं नाही.

"हलू नका," ती म्हणायची.

"श्वास घेऊ?"

"हळू."

अॅल्युमिनियमचा भुसा तिच्या केसांवर पडायचा. एकदा त्यानं त्यातला एक कण बोटानं अलगद उचलला.

"केस पिकायला लागलेत तुमचे."

"वय झालं."

"कुणी सांगितलं? मला तर..." आणि तो थांबला. दिव्याचा प्रकाश थोडा हलला.

"तुम्हाला तर काय?"

"भोक... तिरकं जातंय."

भोक खरंच तिरकं जात होतं. तिनं ड्रिल बंद केलं, डोळे मिटले आणि मनातल्या मनात वीस आकडे मोजले.

चौदाव्या दिवशी त्याचं विमान तयार झालं, आणि पंधराव्या दिवशी ठरल्याप्रमाणे तो औषधं घेऊन गेला. कारखान्यात एकदम शांतता झाली. ती शांतता तिला झोंबत होती. दूर कुठं मोटरसायकल सुरू झाली तरी ती खिडकीशी जायची.

तिसऱ्या दिवशी पिवळं विमान परत आलं.

"मागच्या चाकातून आवाज येतोय," तो म्हणाला. बघितलं, आवाज नव्हता. दोन दिवसांनी दार नीट लागत नव्हतं. दार लागत होतं. त्यानंतर म्हणे तेलाचा वास येत होता.

"बिघाड विमानात नाही," आत्या भाचीला म्हणाली. "पण दुरुस्तीला मात्र योग्य ठिकाणी येतोय."

"आत्या!"

"मी चाकाबद्दल बोलतेय."

नवे पंख ट्रकवर चढले. वारा भरला. पापण्या उघडल्या. दोन्ही. दहा वेळा, वीस वेळा. मग पंख विमानाला लागले, आणि साहेबांनी भिंगरीलाच विचारलं – पहिलं उड्डाण तुम्ही कराल का? नाकतोड्याचा स्वभाव तुमच्याइतका आता कुणाला ठाऊक आहे?

तो लगेच हो म्हणाला. आणि तिची भूक गेली.

* * *

उड्डाणाच्या सकाळी तो दुसऱ्या आसनावर वाळूच्या पिशव्या बांधत होता. पहिल्या उड्डाणाला सोबत माणूस चालत नाही. त्याच्याऐवजी तेवढं वजन ठेवतात.

"किती ठेवायचं?" ती कागद घेऊन उभी होती.

"तुमचं वजन किती?"

"माझं कशाला?"

"कुणाचं तरी धरायलाच हवं ना. मग ओळखीचं धरावं."

तिनं आकडा सांगितला. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानं एक लहान पिशवी जास्तीची ठेवली.

"हे काय?"

"दोन किलो कमी सांगितलंत. परवा शिडीवरून उतरताना हात दिला होता तुम्हाला. वजनाचा अंदाज माझा चुकत नाही, धंदाच आहे तो."

तिला हसू यायला हवं होतं. पण कागदावर एक रेघ रिकामी होती, आणि तिथं तिची सही हवी होती. विमान उडण्यास योग्य आहे, असं त्या रेघेच्या वर छापलेलं होतं. तिनं पेन टेकवलं, उचललं. जाऊन डावी पापणी पुन्हा एकदा हातानं सरकवून पाहिली. परत आली. पेन टेकवलं. उचललं.

"कितव्यांदा तपासलीत?"

"सातव्यांदा." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "कागदावर चुकलं तर खोडता येतं. आता आत तुम्ही बसणार आहात."

तो खाली उतरला. या वेळी त्याच्या पायांत जराही घाई नव्हती. "मी रोज आत्यांनी पाडलेल्या भोकांवर उडतो," तो म्हणाला. "कुणी पाडली ते माहीत नसताना उडत आलो. ही भोकं तर माझ्या डोळ्यांसमोर पाडलीत तुम्ही. श्वास रोखून दिवा धरलाय मी. करा सही."

तिनं केली. सही नेहमीपेक्षा वाकडी आली.

"परत ये," ती म्हणाली.

'या' नव्हे; 'ये'. दोघांनाही ते ऐकू आलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तो विमानात चढताना पायरी चुकला.

नाकतोडा धावला. कापलेल्या पट्ट्याचा निम्मा भागही लागला नाही. चाकं गवतावरून उठली आणि नवं विमान हवेत होतं. कामगारांनी आरोळी ठोकली. ती ओरडली नाही. तिचं पहिलं विमान आकाशात होतं, आणि तिला ते बघवतही नव्हतं, नजर काढवतही नव्हती. आत्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं भाचीचा दंड घट्ट धरला.

रेडिओवर त्याचा आवाज यायला लागला. उंच जाऊन तो वेग कमी करत होता.

"एकशे वीस... एकशे दहा... शंभर..."

याच वेगाला पापण्या उघडायला हव्या होत्या.

"नव्वद..."

आणि मग काहीच नाही. रेडिओ नुसता खरखरत राहिला. साहेब उड्डाण तपासायला आलेल्या सरकारी तपासनिसांकडे बघत होते, तपासनीस घड्याळाकडे. आत्याची बोटं दंडात रुतली.

"उघडल्या," आवाज आला. "दोन्ही. एकदम. मला वाटलं नाहीच उघडल्या... कळलंच नाही, इतक्या हळूच." मग थोडं थांबून, "इंजिनीअरबाईंना सांगा, माझ्या विमानापेक्षा चांगल्या आहेत."

ती गवतात बसली. या वेळी खरोखरच बसली, आणि ओंजळीत तोंड घालून रडली.

* * *

दोन दिवसांनी डोंगरमाथ्यावर ढग साचायला लागले. त्याला निघणं भाग होतं. एकदा ढग बसले की डोंगर ओलांडता येत नाही. हिवाळाभर तो पलीकडेच राहायचा, तिकडच्या तिकडे वस्त्यांमध्ये फेऱ्या मारत. जवळजवळ तीन महिने.

औषधांची खोकी भरून झाली. ती निरोप द्यायला धावपट्टीवर आली होती. साहेब आणि तपासनीस लांब नव्या विमानापाशी कागद चाळत उभे होते.

"एक बोलायचं होतं," तो म्हणाला. हातातली टोपी त्यानं गोल फिरवली, उलट फिरवली. "मी कुठं चार दिवस टिकत नाही. इथं टिकलो. लोक म्हणतात विमानासाठी. विमानासाठी नव्हतं ते... तुझ्यासाठी होतं. चाकातून आवाजही येत नव्हता."

"माहीत आहे मला," ती कशीबशी म्हणाली.

"मग? तुझं काय?"

सात वर्षांत जे जे तिनं मनापासून सुरू केलं ते ते कुणीतरी बंद केलं होतं. ते सगळं एकदम आठवलं. तिनं तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं ते असं:

"वारा... बदलतोय. निघायला हवं तुम्हाला."

त्यानं मान हलवली. टोपी घातली. विमान उठलं, आणि डोंगराकडे लहान लहान होत गेलं.

आत्या कुंपणापाशी उभी होती. "काय म्हणाला?"

तिनं सांगितलं.

"आणि तू काय म्हणालीस?"

"वारा बदलतोय म्हटलं."

आत्यानं कपाळावर हात मारला. "वारा! अगं, मुलीच्या जातीनं निदान नाही तरी म्हणावं! त्याला वारा कळत नाही होय, चौदा वर्षं त्यातच राहतोय तो!"

ती वळून कारखान्याकडे चालायला लागली. दहा पावलं. वीस. मला जायचंय कुठं? आत टेबल आहे, कागद आहेत, उद्या दुसऱ्या विमानाचा पंख सुरू करायचाय. सगळं आहे... आणि तीन महिने बुटांचा आवाज नाही. ती थांबली. मागं वळली. आकाशात आता फक्त एक ठिपका होता.

ठिपका मोठा होत होता.

आधी तिला भास वाटला. मग आवाज आला. मग पिवळं विमान धावपट्टीवर टेकलं, दोन उड्या मारून थांबलं. नाकावरचा पंखा फिरतच होता. त्यानं खिडकी सरकवून डोकं बाहेर काढलं.

"उत्तर राहिलं!" तो ओरडला.

ती धावली. गवतातून, चिखलातून, पायातली एक चप्पल मागं सोडून. पंख्याचा वारा तिचे केस उधळत होता, आवाजात काही ऐकू येत नव्हतं. ती खिडकीखाली पोचली आणि ओरडली.

"काय?" त्यानं कानाला हात लावला.

ती पुन्हा ओरडली.

"ऐकू येत नाही!" आणि त्यानं इंजिन बंद केलं. नेमकं तेव्हाच ती जिवाच्या आकांतानं तिसऱ्यांदा ओरडत होती –

"मला तू हवा आहेस!"

सगळ्या माळावर ते घुमलं. साहेबांच्या हातातले कागद पडले. कामगार खिडक्यांत आले. तपासनीस घसा खाकरून दुसरीकडे बघायला लागले. फिरता फिरता पंखा मंद होऊन थांबला, आणि त्या शांततेत ती लालबुंद होऊन उभी होती, एका पायात चप्पल घालून.

तो दार उघडून उतरला, आणि पडला. पायरी पुन्हा चुकली होती. तिनं त्याला उठवलं आणि मग हात सोडलाच नाही. तेलानं काळे झालेले तिचे ते हात त्यानं गालाला लावले. तिच्या बोटांची खूण त्याच्या गालावर उमटली, ती त्यानं पुसली नाही.

"तीन महिने?" ती म्हणाली.

"एक दिवस आभाळ मोकळं मिळालं तरी येतो. एका तासासाठी का होईना."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर इतका अस्वस्थ होईन, इतका... की वस्तीतले लोकच मला हाकलून देतील."

"मी इथं दुसरं विमान संपवते," ती म्हणाली. "मग तुझी वाट बघणार नाही. स्वतःच येईन त्यातून. वाळू नको ठेवायला."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. डोंगरावरचा ढग आणखी खाली उतरला होता. त्याला जावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या कारखान्यात हजर होती. साहेबांनी तिला पंखांच्या विभागात बोलावलं होतं, शिकवायला, आणि तिनं पहिलीच अट घातली होती की रेखाटनावर पाचर काढून दाखवायची, आकड्यासकट. भाचीनं ती काढली होती. आता दोघी नव्या पंखाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या, आणि भाचीची नजर दर दोन मिनिटांनी खिडकीतून डोंगराकडे जात होती. माथा ढगात बुडालेला. पुन्हा बघितलं. तसाच.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "भोक खाली पाडायचंय, आभाळात नव्हे."

"बघतेय मी," ती म्हणाली, आणि परत खिडकीकडेच बघितलं. ढगाच्या एका कडेला, अगदी बारीक, निळं काहीतरी दिसत होतं.